मुरलेलं कास्टिंग: शिरोलीतला एक ब्लॉक आणि म्युनिकची एक गोष्ट

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) मागल्या भिंतीला लागून दीडेकशे इंजिन ब्लॉक उघड्यावर पडले होते. तीन सिलिंडरचा छोटा डिझेल ब्लॉक, कच्चं वजन ६० किलोच्या आसपास, बोअर (सिलिंडरचं भोक) ८८ मिमी. लायनर नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या भिंतीतच चालायचा. जुलै-ऑगस्टात ओतलेले हे नग ऑर्डर थांबल्यामुळे तसेच राहिले आणि पावसाने तांबडे झाले. दसऱ्याच्या तोंडावर मागणी उसळली तेव्हा मशीन शॉपने नव्या ओतकामाबरोबर त्या ढिगातलेही शंभरेक नग उचलले. पुढे भानगड झाली ती नव्या ब्लॉकांची. होनिंगवरून (बोअर आतून घासून नेमका करण्याच्या कामावरून) गोल निघालेला बोअर पुण्याच्या बाजूच्या ग्राहकाकडे पोचेपर्यंत अंडाकार होत होता. गंजक्या ढिगातला मात्र एकही नग परत आला नाही.

फेटलिंगच्या (कास्टिंग साफ करण्याच्या विभागाच्या) मिस्त्रीला यात नवल वाटलं नाही. ‘‘सायब, लोखंड पावसात मुरल्याबगार बसत न्हाई. नवं कास्टिंग म्हंजी कालचं लोणचं.’’ कोल्हापुरात हे म्हणणं जुनं आहे. उद्यमनगरात ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक ओतले जायचे त्या काळापासून ‘कास्टिंग मुरू द्या’ हा सल्ला फिरतोय. या वेळी तो मॅनेजरपर्यंत पोचला आणि ठरू लागलं, की यापुढे प्रत्येक ब्लॉक दोन महिने अंगणात ठेवूनच मशीनवर चढवायचा.

हे एकाच कारखान्याचं नाव घेऊन सांगण्यासारखं प्रकरण नाही. थोड्याफार फरकाने असं दोन-चार ठिकाणी घडतं, त्यांची सांगड घालून ते इथे मांडलंय. चाचणीचे आणि मोजमापाचे आकडे त्यामुळे अशा आकाराच्या कामात नेहमी दिसतात त्या पट्ट्यातले, समजायला सोपे घेतलेले आहेत. धातूचे गुणधर्म आणि तापमानं नेहमीची आहेत.

आधी दोन महिन्यांच्या मुरण्याचा हिशोब. दिवसाला ९० ब्लॉक, कामाचे ५० दिवस, म्हणजे ४५०० नग. वजनात २७० टन. किलोला शंभर रुपये धरले तरी २ कोटी ७० लाखांचा माल पावसात उभा. एवढा पैसा अडकवायचा तर निदान कारण तरी खरं हवं.

म्युनिकची गोष्ट

मॅनेजरचं मन वळलं ते मिस्त्रीच्या लोणच्याने नव्हे. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्युनिकच्या बीएमडब्ल्यूची गोष्ट काढली. मोटारधंद्यातली ही फार लाडकी दंतकथा आहे. १९८३ साली नेल्सन पिके ब्रॅबम बीटी५२ गाडीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. टर्बो इंजिनावर चालकाला मिळालेलं ते पहिलं विजेतेपद. इंजिन होतं बीएमडब्ल्यूचं एम१२/१३: चार सिलिंडर, बोअर ८९.२ आणि स्ट्रोक ६० मिमी, म्हणजे जेमतेम १५०० सीसी. त्याचा बिडाचा (कास्ट आयर्नचा) ब्लॉक रस्त्यावरच्या गाड्यांच्या एम१० इंजिनाच्या घराण्यातला, म्हणजे १९६२ पासून बाजारात असलेलं साधं डिझाइन. अशा ब्लॉकमधून शर्यतीत सहाशेच्या वर अश्वशक्ती काढली जायची आणि पुढच्या वर्षांत पात्रता फेरीपुरती त्याच्या दुपटीच्या आसपास. असं सांगतात, की बीएमडब्ल्यूचे इंजिनकर्ते पाउल रोशे यांचे लोक यासाठी नवे ब्लॉक घेतच नसत. लाखभर किलोमीटर पळालेल्या जुन्या गाड्यांचे ब्लॉक शोधून आणत. गोष्टीचा उत्तरार्ध आणखी रंगतदार: ते ब्लॉक वर्षभर उघड्यावर ठेवत आणि येता-जाता मेकॅनिक त्यांच्यावर लघवी करत, म्हणजे लोखंड ‘पक्कं’ व्हायचं.

टपरीवर हे ऐकून हशा पिकला असेल, पण अंगणात तांबडा ढीग आणि रजिस्टरात त्याचं शून्य रिजेक्शन असताना ही गोष्ट पुराव्यासारखी वाटू लागते. तिच्याकडे परत यायचंय. त्याआधी ब्लॉक बघू.

मोजमापातच खोट आहे का?

नगाचा ग्रेड एफजी २६०, भारतीय मानक आयएस २१० प्रमाणे कडकपणा १८० ते २३० बीएचएन (ब्रिनेल मापाने). होनिंगनंतर बोअरची ओव्हॅलिटी (अंडाकारपणा) ०.०१५ मिमीच्या आत हवी. ग्राहकाकडून आलेल्या तक्रारीत मधल्या बोअरला ०.०३ ते ०.०४ दाखवत होती, वर आणि मध्ये जास्त, खाली कमी.

अशा वेळी धातूवर संशय घेण्याआधी गेजवर घ्यावा. होनिंगवरून उतरलेला ब्लॉक हाताला कोमट लागतो, ३५ अंशांच्या आसपास. ग्राहकाची तपासणी खोली २० अंशांवर. बिडाचं प्रसरण अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन. ८८ मिमीवर १५ अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ ०.०१५ मिमी. यामुळे व्यास लहान-मोठा दिसेल, पण गोलाचा अंडाकार होणार नाही, निदान सगळा ब्लॉक सारखाच तापलेला असेल तर. तो तसा नसतो. शेवटी होन केलेला सिलिंडर जास्त गरम, पहिला निवलेला, आणि मधल्याला दोन्हीकडून ओढाताण. म्हणून ब्लॉक आणि सेटिंग रिंग (गेज लावून घ्यायची ठरावीक मापाची कडी) एकाच टेबलावर रात्रभर ठेवून सकाळी मोजलं. तीन खोल्यांवर, प्रत्येक ठिकाणी चार दिशांना. ओव्हॅलिटी थोडी उतरली, गेली नाही.

दुसरा संशय क्लॅम्पवर. फिक्स्चरच्या (ब्लॉक पकडून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या) चार टेकूंपैकी एक जरी ०.०५ ने खाली असला तर क्लॅम्प आवळताना ब्लॉक पिळतो, पिळलेल्या अवस्थेत गोल कापला जातो आणि सोडला की वाकडा होतो. तपासणी सोपी: डेक फेसवर (हेड बसतो त्या सपाट पृष्ठभागावर) डायल लावायचा, क्लॅम्प एकेक करून ढिला करायचा. काटा ०.०१ च्या वर हलता कामा नये. एका फिक्स्चरवर तो ०.०३ हलला. टेकू ग्राइंड करून घेतला. तक्रारी कमी झाल्या, संपल्या नाहीत.

तिसरा संशय पाण्याच्या जॅकेटच्या कोअरवर, म्हणजे सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यावर. कोअर सरकला की बोअरची भिंत एका बाजूला साडेचार आणि दुसऱ्या बाजूला साडेसहा मिमी होते. होनच्या दाबाखाली पातळ बाजू मागे सरते, कापली कमी जाते आणि दाब गेला की पुढे येते. अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने वीस नग तपासले. खराब आणि चांगल्या नगांच्या भिंतीत फरक सापडला नाही.

पुण्याला जाताना हायवेच्या हादऱ्यांनी ब्लॉक ‘हलतो’, अशीही एक समजूत मशीन शॉपमध्ये होती. ती निकालात काढायला पुण्याला जायची गरज पडली नाही. पाच नग पूर्ण मशीनिंग झाल्यावर जागेवरच ठेवून आठवडाभर रोज सकाळी मोजले. पहिल्या सकाळी जेवढे वाकडे तेवढेच सातव्या सकाळी. वाकडेपणा प्रवासात येत नव्हता, शेवटच्या ऑपरेशनमध्ये येत होता आणि कुणी तिथे मोजत नव्हतं. प्रोसेस शीटवर होनिंग आधी आणि मेन बेअरिंगची (क्रँकशाफ्ट बसतो त्या भोकांची) लाइन बोरिंग नंतर लावलेली होती, कारण लाइन बोरिंगचं मशीन दुसऱ्या शेडमध्ये होतं आणि ट्रॉली एकच. होनिंगवर बोअर गोल, तिथेच तपासणी, पास. मग मेन बेअरिंगच्या आडव्या पडद्यांतून बाजूला दोन-दोन मिमी बीड निघालं की ब्लॉक आपला आकार नव्याने शोधायचा.

आता प्रश्न सरळ झाला. बीड काढल्यावर ब्लॉक हलतो, म्हणजे आत ताण कोंडलेला आहे. नव्यात तो आहे आणि जुन्या ढिगात नाही. का?

रविवारची हीट

उत्तर हीट रजिस्टरात होतं. हीट म्हणजे भट्टीत एका खेपेला वितळवलेलं बीड. प्रत्येक ब्लॉकवर ओतल्याची तारीख, शिफ्ट आणि हीटचा नंबर उठवलेला असतो. परत आलेल्या नव्या नगांचे नंबर वारांप्रमाणे मांडले तर मंगळवार ते शनिवार सगळीकडे विखुरलेले दिसले. रविवारच्या शेवटच्या हीटचा एकही नव्हता. या फाउंड्रीची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. रविवारी रात्री ओतलेले शेवटचे साचे लाइनवर तसेच राहतात आणि मंगळवारी सकाळी फुटतात. म्हणजे हे ब्लॉक तीस तासांहून जास्त वाळूत निवलेले. आणि यांनी पाऊस पाहिलेला नव्हता. त्याच आठवड्यात मशीनवर गेले होते.

मग ढिगातल्या नगांचे नंबर काढले. जुलै-ऑगस्टात काम मंदीत होतं, एकच शिफ्ट. दुपारनंतर ओतलेले साचे दुसऱ्या दिवशी सकाळी नॉकआउटवर (साचा फोडायच्या जागी) यायचे, आणि जे सकाळी ओतले जायचे तेही लाइन हळू चालल्याने तीन-चार तास वाळूतच राहायचे. दसऱ्यासाठी लाइनचा वेग वाढवला तेव्हा ओतल्यापासून साचा फोडेपर्यंतची वेळ दीडशे मिनिटांवरून ऐंशीवर आली होती. शीटवर १५० लिहिलेलंच होतं. कुणी बदललं नव्हतं, कुणी पाळतही नव्हतं.

ऐंशी मिनिटांनी साचा फुटतो तेव्हा पायरोमीटर काय दाखवतो ते बघण्यासारखं आहे. बाहेरची चार-पाच मिमीची जॅकेटची भिंत ५५० अंशांच्या आसपास, काळपट. मेन बेअरिंगचा जाड आडवा पडदा ७०० ला, अंधारात मंद लाल दिसतो. हवेत आल्यावर पातळ भिंत भराभर निवते आणि कडक होते. जाड पडदा मागून आकसायला निघतो, पण तोवर भिंत त्याला आकसू देत नाही. शेवटी जाड भाग ताणलेला आणि पातळ भाग दाबलेला, असं भांडण घेऊनच ब्लॉक गार होतो. बीड सुमारे ६०० अंशांच्या वर असताना मऊ असतं, भांडण तिथल्या तिथे मिटतं. ४०० च्या खाली ते मिटत नाही. या दोन तापमानांमधून जाताना जाड आणि पातळ भागात जितका फरक असेल, जवळपास तितकाच ताण कायमचा राहतो.

हिशोब ढोबळ आहे पण उपयोगी. प्रसरण ११ मायक्रॉन, बिडाचा ताठरपणा (इलॅस्टिक मॉड्युलस) सुमारे ११० गिगापास्कल. गुणाकार केला की एका अंशाच्या फरकाला सुमारे १.२ मेगापास्कल. शंभर अंशांचा फरक घेऊन कडक झालेल्या ब्लॉकमध्ये कागदावर १२० मेगापास्कल. प्रत्यक्षात थोडं बीड सरकतं, ब्लॉक थोडा वाकतो, म्हणून कमी भरतो. तरीही २६० मेगापास्कल ताकदीच्या धातूत हे लहान ओझं नाही.

हेच सूत्र पावसाला लावून बघा. ऑगस्टात ऊन पडलं, ब्लॉक तापला, वरून सर आली. पातळ आणि जाड भागात दहा अंशांचा फरक पडला तर फार झालं. म्हणजे १२ मेगापास्कल, आणि तोही काही मिनिटांपुरता. त्याने आतला ताण मोकळा होत नाही, त्याच्या कडेला जरासा खरवडला जातो इतकंच. वर्षभर अंगणात ठेवूनही बिडाचा ताण दहाएक टक्क्यांहून फारसा उतरत नाही.

चाचणी

रजिस्टरावर मॅनेजरचा विश्वास बसला, मिस्त्रीचा नाही. ‘‘कागद काय बी बोलतंय.’’ त्याचं म्हणणं रास्त होतं, कारण ढिगातल्या नगांत दोन गोष्टी एकत्र होत्या: सावकाश निवणं आणि पावसात पडणं. दोन्ही वेगळ्या केल्याशिवाय निकाल लागत नाही.

दहा-दहा नगांचे पाच गट केले, एकाच आठवड्यातल्या हीटचे, कार्बन आणि सिलिकॉन जवळजवळ सारखे. पहिला गट ऐंशी मिनिटांत फोडलेला आणि लगेच मशीनवर. दुसरा ऐंशी मिनिटांचाच, पण आठ आठवडे अंगणात; नोव्हेंबर लागल्याने पाऊस थांबला होता, मिस्त्रीने स्वतः रोज पाइपने पाणी मारलं. तिसरा १८० मिनिटं वाळूत आणि लगेच मशीनवर. चौथा १८० मिनिटं आणि अंगणात. पाचवा ऐंशी मिनिटांचा, पण भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह केलेला, म्हणजे तापवून ताण काढलेला. नगांवर रंगाचे ठिपके, कुठला रंग कशाचा ते फक्त क्वालिटीच्या वहीत. मशीनिंगचा क्रम मुद्दाम जुनाच ठेवला, नाहीतर फरक दिसलाच नसता.

०.०१५ च्या बाहेर गेलेले: पहिल्या गटात सहा, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात एक, चौथ्यात एकही नाही, पाचव्यात एक. दहा नगांत सहा आणि पाच यांत फरक मानायचा नसतो. तिसऱ्या गटातला एक नग टेकू ग्राइंड न केलेल्या एका जुन्या फिक्स्चरवर चुकून गेलेला निघाला.

याच्या जोडीने एक स्वस्त चाचणी केली. ती कुठल्याही फाउंड्रीला अर्ध्या दिवसात जमते. तीन दांड्यांची जाळी ओतायची: दोन बाजूला दोन पातळ दांड्या, मधे एक जाड, दोन्ही टोकं आडव्या पट्ट्यांनी जोडलेली. पातळ १० मिमी, जाड ३० मिमी, लांबी २०० मिमी पुरे. एकाच लॅडलमधून चार जाळ्या ओतून वेगवेगळ्या वेळी फोडायच्या. गार झाल्यावर जाड दांडीवर मध्यभागी दोन पंच मारून अंतर मोजायचं आणि पंचांच्या मधून हॅकसॉने कापायचं. ताण असेल तर शेवटचे दोन-तीन मिमी राहिलेले असताना दांडी स्वतःच ‘टक्’ करून तुटते आणि फट उघडते. वाळूतच निवलेल्या जाळीत पातं शेवटपर्यंत शांतपणे जातं. किती मेगापास्कल ते काढत बसायची गरज नाही, चार फटींची तुलना पुरते. लवकर फोडलेल्या जाळीची ‘टक्’ मिस्त्रीने ऐकली, आणि त्यानंतर तो वाद घालायचा थांबला. निदान नॉकआउटबद्दल.

मिस्त्री कुठे बरोबर होता

मशीन शॉपचा एक अनुभव मात्र बाकी होता. जुन्या ढिगातला ब्लॉक ‘लोण्यासारखा’ कापला जातो, इन्सर्ट (कापणारी पाती) जास्त टिकतात. हा भास नव्हता. एक कारण कडकपणाचं. लवकर हवेत आलेलं बीड वेगाने निवतं, त्यातला पर्लाइट (बिडाला कडकपणा देणारी घडण) बारीक आणि जास्त होतो. नवे ब्लॉक २२० ते २२५ बीएचएनला होते, ढिगातले १९५ च्या आसपास.

दुसरं कारण खरोखर मुरण्याचं आहे. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे याच बिडात, विरघळलेला थोडा मोकळा नायट्रोजन असतो. साध्या खोलीच्या तापमानाला तो तीन-चार आठवड्यांत हळूहळू बाहेर पडून फेराइटमध्ये (बिडातल्या मऊ लोखंडात) अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बसतो. त्याने ताकद काही टक्क्यांनी वाढते आणि गमतीची गोष्ट म्हणजे कापणंही सुधारतं. धातूत टायटॅनियम जास्त असेल तर तो नायट्रोजनला आधीच बांधून ठेवतो आणि हा परिणाम दिसत नाही. म्हणून एका फाउंड्रीचा अनुभव दुसरीला लागू पडत नाही आणि भांडणं होतात. इंडक्शन भट्टीत स्टील स्क्रॅप जास्त आणि स्वस्त पेटकोकचा कार्ब्युरायझर असेल तर नायट्रोजन भरपूर असतो. फार झाला, शंभर पीपीएमच्या आसपास गेला, तर मुरण्याचं सोडा, कास्टिंगला भेगांसारखी छिद्रं पडतात.

पण या मुरण्याला पाऊस लागत नाही. शेडमध्ये, कोरड्यात, पॅलेटवर ठेवलेला ब्लॉकही तेवढाच मुरतो. अंगणात ठेवल्याने फक्त गंज मिळतो, आणि तो पाण्याच्या जॅकेटमध्ये नि ऑइल गॅलरीत जाऊन बसतो, जिथे शॉट ब्लास्टिंगचे छर्रे पोचत नाहीत. ढिगातल्या काही नगांची धुलाई दोनदा करावी लागली होती. ते रिजेक्शनच्या रजिस्टरात दिसत नाही, वॉशिंगच्या खर्चात दिसतं.

जुने लेथ बनवणारे कारखाने बेड (लेथचा बिडाचा पाया) वर्षभर उघड्यावर ठेवत, हा दाखला नेहमी दिला जातो. तो खरा आहे, पण एक पायरी गाळून सांगितला जातो: बेड आधी रफ मशीन करून मग ठेवत. कातडी निघाली की बराच ताण तिथेच सुटतो, बेड वाकायचा तेवढा वाकतो, आणि नंतरच्या फिनिशिंगमध्ये तो वाकडेपणा निघून जातो. त्यातलं बहुतेक श्रेय रफिंगचं आहे.

काय बदललं

पहिलं काम फुकट होतं. होनिंग शेवटी नेलं. सगळीकडे रफिंग आधी, बोअरला बाजूला ०.५ मिमी माल राखून. मग मेन बेअरिंगच्या कॅप टॉर्कला आवळून लाइन बोरिंग. मग डेक फेस. आणि अखेरीस डेकवर जाड प्लेट हेडच्या बोल्टांनी आवळून होनिंग. प्लेटशिवाय होन केलेला बोअर हेड बसवल्यावर पुन्हा हलतो, ही वेगळीच रड आहे. दुसरी ट्रॉली घेतली.

नॉकआउटचं काम सोपं नव्हतं. १८० मिनिटं द्यायची तर लाइनचा वेग अर्ध्याच्याही खाली येतो, कूलिंग कन्व्हेयर लांबवायला जागा नाही. स्ट्रेस रिलीव्हिंगची भट्टी पाचव्या गटावर चालली होती, पण दिवसाला ९० नगांना तिचं बिल परवडत नाही, आणि तीत चुकायला जागा फार. साध्या बिडाला ५१० ते ५६५ अंश, सर्वांत जाड भागाच्या प्रत्येक २५ मिमीला एक तास. त्याच्या वर गेलं की पर्लाइट फुटू लागतो आणि कडकपणा उतरतो. चढताना तासाला शंभर अंशांच्या आत, उतरताना त्याहून सावकाश, आणि ३०० च्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही. पुढची खेप घालायच्या घाईत ४५० ला ट्रॉली बाहेर ओढली तर जो ताण काढायला पैसे मोजले तोच पुन्हा भरला जातो. जॉबवर्कला बाहेर देणार असाल तर प्रमाणपत्रासोबत भट्टीचा तापमानाचा आलेख मागावा. उतरतीची रेघ बघावी, चढतीची सगळेच नीट काढतात.

शेवटी मार्ग निघाला खड्ड्याचा. नॉकआउटच्या शेजारी विटांचं अस्तर असलेले दोन खड्डे, वर सिरॅमिक ब्लँकेट लावलेलं पत्र्याचं झाकण. साचा फुटला की ब्लॉक चार-पाच मिनिटांत आत जायला हवा. आत गेल्यावर जाड भागाची उष्णता पातळ भिंतीला परत तापवते, सगळा ब्लॉक ६०० च्या थोडा वर एकसारखा होतो आणि मग शेजाऱ्यांच्या उबेत रात्रभर सावकाश निवतो. यात उफराटी गोष्ट अशी, की खड्डा वापरायचा तर साचा लवकर फोडलेला बरा. ऐंशीऐवजी सत्तर मिनिटांवर आणलं, कारण पावसाळी वाऱ्यात पातळ भिंत ५०० च्या खाली घसरली तर खड्डा तिला परत वर आणू शकत नाही.

खड्ड्यामुळे एक दुखणं वर आलं, आणि ते आधी का दडून होतं तेही कळलं. सावकाश निवलेल्या ब्लॉकचा कडकपणा काही हीटमध्ये १७५ वर आला, मानकाच्या खाली. लवकर फोडण्याने कडकपणा फुकटात मिळत होता, त्यामुळे मेटलर्जीवाल्यांनी घाईच्या नॉकआउटकडे कधी बोट दाखवलं नव्हतं. आता तो विकत घ्यावा लागला: तांबं ०.४ ते ०.५ टक्के. टिन ०.०६ टक्क्यांनीही तेच काम होतं, पण टिनचा हात जड झाला तर बीड ठिसूळ होतं. कडकपणा १९० ते २०५ मध्ये स्थिरावला. तांब्याचा खर्च किलोमागे काही रुपयांचा, म्हणून खरेदी विभागाने दोन महिने कुरकुर केलीच.

म्युनिकला परत

लघवीचं आधी संपवू. लघवीतला युरिया कुजून अमोनिया होतो आणि अमोनियाने नायट्रायडिंग करतात, असा धागा कुणी जोडतं. नायट्रायडिंग होतं ते बंद भट्टीत ५०० ते ५५० अंशांच्या आसपास, तासन्‌तास. अंगणातल्या ब्लॉकवर मीठ आणि पाणी पडतं, ते गंजतं. त्या कारखान्यात कुणी असं केलंही असेल, पुरुषमंडळी आणि उघडं अंगण म्हटल्यावर त्याला शास्त्र लागत नाही.

लाखभर किलोमीटर पळालेल्या ब्लॉकची गोष्ट अशी टाकून देता येत नाही. गाडीत ब्लॉकच्या पाण्याकडच्या भिंती ९०-१०० अंशांवर राहतात, बोअरचा माथा त्याहून गरम. ताण उतरायला लागणाऱ्या ५०० च्या हे फार खाली. तरी हजारो वेळा तापणं-निवणं आणि वरून जळत्या वायूचा दाब यांनी, जिथे जोर जास्त तिथे बीड थोडं थोडं सरकतं. मोठी गोष्ट वेगळीच आहे. ज्या ब्लॉकमध्ये वाळू, भोक, सरकलेला कोअर किंवा बारीक तडा होता तो लाख किलोमीटरच्या आतच गळला आणि भंगारात गेला. उरलेला प्रत्येक ब्लॉक परीक्षा देऊन आलेला. शिवाय शर्यतीसाठी तो नव्याने बोअर केला जायचा, म्हणजे जे काही वाकायचं ते आधीच वाकून झालेलं. शिरोलीच्या अंगणातही वेगळं काही घडलं नव्हतं: चांगले ब्लॉक पावसात पडलेले होते, त्यामुळे श्रेय पावसाला गेलं.

ढिगातले उरलेले पन्नासेक नग धुऊन, जॅकेटमध्ये दिवा घालून तपासून मशीनवर चढवले. ते निघाले तसेच चांगले. खड्डे सुरू झाल्यावर रविवारच्या शेवटच्या हीटला वेगळं काही करावं लागत नाही, ते साचे अजूनही मंगळवारी सकाळी फुटतात. मिस्त्री त्या ब्लॉकांवर खडूने ‘मु’ लिहितो. कशाचं ‘मु’, ते क्वालिटीच्या नव्या पोराने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, ‘‘मुरलेला. वाळूत.’’